डिसेंबरातली चार अंडी

कुंदा,

तुझ्या कोंबड्यांबद्दल मी तुला चाळीस वर्षांत जेवढे मूर्ख प्रश्न विचारले, तेवढे एखाद्या मास्तराला विचारले असते तर त्याने नोकरी सोडली असती. तू बँकेतून दमून यायचीस, चपला काढायच्या आत मी दारात हजर. “वन्सं, ती तांबडी आज नुसतीच ओरडतेय, अंडं काही नाही.” आणि तू पिशवी माझ्या हातात कोंबून म्हणायचीस, “तूसुद्धा रोज ओरडतेस वहिनी, रोज कुठे काही देतेस?”

आता एकच प्रश्न उरलाय. तू असतीस तर दोन शब्दांत मोकळी झाली असतीस. हॉस्पिटलात नऊ दिवस मी तुझ्याशी खोटं बोलले. ते तुला कळलं होतं का?

तुला जाऊन महिना आणि चार दिवस झाले. लोक अजून येतात. “भरपूर आयुष्य मिळालं,” म्हणतात, “सगळं करून गेल्या,” म्हणतात, चहा पितात, आणि निघताना कोंबड्यांकडे बघून विचारतात, “आता यांचं काय?” मी म्हणते, बघू. काय बघू, ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्या चौघी आपणहून खुराड्यात जातात, मी कडी लावते, सकाळी काढते. एवढंच येतं मला. बाकी सगळं तुझ्याबरोबर गेलं.

पहिली कोंबडी तू आणलीस तेव्हा आपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो. तुझी बदली लखनौला होऊन वर्ष झालं होतं, आणि भावाकडे राहतेस म्हणून तू जरा दबकूनच असायचीस, असं मी समजत होते. दबकून असलेली बाई चौकातून सायकलरिक्षाने येताना मांडीवर कापडी पिशवी घेऊन येते आणि पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर! शेजारच्या मिश्राइन फाटकाशी आल्या, “अरे दीदी, ये क्या ले आईं?” तू म्हणालीस, “रूममेट.”

आणि मी. त्या वेळची मी म्हणजे एक बघण्यासारखी वस्तू होते. मिरजेहून येऊन सहा वर्षं झालेली, अंगावर नऊवारी नसली तरी डोक्यात पूर्ण नऊवारी. स्वैपाकघर म्हणजे देऊळ आणि मी त्यातली एकटी पुजारीण. कांदासुद्धा चातुर्मासात दाराबाहेर. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन.

तिसऱ्या दिवशी कोंबडीने अंडं दिलं. मी तुला बाजूला घेतलं.

“वन्सं, पण कोंबडा कुठाय?”

“कशाला?”

“म्हणजे... कोंबडा नाही, तर अंडं कसं?”

“कोंबडी देते अंडं, वहिनी. कोंबडा लागतो तो पिल्लासाठी.”

मी पदर तोंडाला लावला. “बाई बाई! नवऱ्याचा पत्ता नाही, आणि रोज बाळंतीण!”

तू भिंतीला टेकलीस, मग खाली बसलीस, मग पार आडवी झालीस हसून. तुझा दादा आत पेपर वाचत होता, त्याचा पेपर गदागदा हलत होता. हसू आवरल्यावर डोळे पुसत तू म्हणालीस, “बघ, बिनलग्नाचीही घरात उपयोगी पडते.” ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. काल भांडी लावताना ते एकदम समोर आलं. तू ते कोंबडीबद्दल म्हणाली नव्हतीस.

आपलं भांडण तिथून सुरू झालं ते कधी संपलंच नाही. तू म्हणायचीस, कोंबडा नाही म्हणजे यात जीव नाही, जीव नाही म्हणजे दूध आणि हे सारखंच, मग स्वैपाकघरात का नाही? मी म्हणायचे, अंडं ते अंडं. याच्यापुढे माझ्याकडे मुद्दाच नव्हता, म्हणून मी तोच जोरात म्हणायचे. तू तो मान्य केलास. मागच्या पडवीत रॉकेलचा स्टोव्ह मांडलास, एक पातेलं वेगळं काढलंस, त्याच्या कडीला मीच लाल दोरा बांधला, चुकून माझ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. विकास नगरला घर बांधलं तेव्हा नकाशात तुझ्या दादाने मागची पडवी मुद्दाम मोठी ठेवली. किती समजूतदारपणा! सगळ्या घराने मिळून तुला बाहेर ठेवायची सोय चांगली करून दिली.

इथली थंडी तुला माहीत, मला माहीत. जानेवारीत समोरचा पेरू दिसत नाही असा कोहरा, आणि तू कानटोपी घालून त्या पडवीत उभ्याने अंडं खायचीस. मी आतून चहा करताना खिडकीतून बघायचे. एकदा मी म्हटलंसुद्धा, “वन्सं, वास आत येतोय.” तू खिडकी बाहेरून लोटून घेतलीस. कुरकुर नाही, काही नाही. मी पुढे चहा गाळला.

मी वाईट नव्हते गं. मी फार स्वच्छ होते, एवढंच.

त्या स्वच्छतेपायीच तुझी पहिली अर्धा डझन अंडी मी नासवली होती, आठवतं? तू टोपलीत साठवून ठेवली होतीस, त्यांच्यावर कुठे कुठे घाण चिकटलेली. मला बघवेना. पडवीत बसून रिठ्याच्या पाण्यात घासघासून धुतली आणि कुरडया वाळवाव्यात तशी उन्हात मांडली. आठवड्याने एक फुटलं तेव्हा अख्खी कॉलनी दारं लावून बसली. तू डोक्याला हात लावलास. “अगं, कोंबडी अंड्याला लेप लावून पाठवते, वरून काही आत शिरू नये म्हणून. तो तू खरवडून काढलास. कोरड्या फडक्याने पुसायचं फक्त. आणि धुवायचंच तर खायच्या आधी.” मी म्हटलं, “मला काय माहीत?” तू म्हणालीस, “विचारायचं.” तेव्हापासून मी विचारायला लागले. कवच मऊ का आलं? चुना कमी पडला. टरफलंच कुटून घालू? भाजून घाल, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक, नाहीतर स्वतःचीच अंडी फोडायला शिकतील. ताजं कसं ओळखायचं? पाण्यात टाक, बुडालं की ताजं, उभं राहिलं की शिळं, तरंगलं की फेकून दे. मी सगळं विचारायचे आणि तू सांगायचीस. पण अंडं उकडायचं कसं, सोलायचं कसं, हे मी कधीच विचारलं नाही. ते मला लागणारच नव्हतं.

डिसेंबरात तुला हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुराडं उघडायची पाळी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आली. आत पाऊल टाकलं तर पिसंच पिसं. भुरीची मान उघडी पडलेली, शकूच्या शेपटीच्या जागी नुसता खुंट, आणि अंड्यांच्या टोपलीत गवत. मला वाटलं मांजर शिरलं. मोजल्या, चारही होत्या. मग मला वाटलं, यांना कळलंय. तू आता परत येत नाहीस म्हणून यांनी पिसं टाकली, अंडी थांबवली. मुकी जनावरं आधी ओळखतात म्हणतात ना. तिथेच उपड्या पाटीवर बसले मी, आणि ठरवलं, हे कुंदाला कळता कामा नये.

चार वाजता भेटायची वेळ. तुझ्या नाकात नळी. पहिला प्रश्न, “अंडी किती?”

“चार.”

तू माझ्याकडे बघितलंस. “चार?”

“चार.”

“बडी बीनेही दिलं?”

“बडी बीनेही.”

“वा,” तू म्हणालीस. “हुशार आहे म्हातारी.”

पुढे रोज तेच. मी जिना चढताना आकडा ठरवायचे. रोज चार बरे दिसेनात म्हणून एकदा तीन म्हटलं आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी, तुला जास्तच मलूल बघून, पाच. “चार कोंबड्यांनी पाच?” “कालचं एक राहिलं होतं गवतात.” तू इतकी हसलीस की नळी हलली आणि सिस्टर धावत आली, “माताजी, हँसाइए मत इनको!” मला काय आनंद झाला. वाटलं, औषधापेक्षा माझी अंडी लागू पडतायत.

आणि आठव्या दिवशी तू म्हणालीस, “वहिनी, उद्या एक उकडून आणशील? आपल्या कोंबडीचं.”

शिरीष बाजूला होता, तो म्हणाला, “आत्या, मैं ले आऊँगा ना बाहर से.” माझा मुलगा, मराठी समजतं सगळं, उत्तर कायम हिंदीत. तू मान हलवलीस. “बाहेरचं नको. वहिनीने आणायचं. घरचं.”

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले मी. इतक्या वर्षांत त्या दुकानात मी डाळ घेतली, साबण घेतला, अंडं पहिल्यांदा मागितलं. “भैया, देसी देना, भूरे वाला.” त्याने बघितलं माझ्याकडे, “आंटी, आप?” मी म्हटलं, “हाँ, हम. बुढ़ापे में बिगड़ गए.” घरी आले. पडवीत गेले, लाल दोऱ्याचं पातेलं उचललं, पुन्हा ठेवलं. मग आत आले आणि माझ्या दुधाच्या पातेल्यात, माझ्या गॅसवर, देवाच्या फोटोसमोर, ते अंडं ठेवलं. मला कोणी अडवलं नाही. आभाळ जागेवर होतं. इतकं सोपं होतं ते, कुंदा. एक काडी ओढायची होती फक्त.

सोलायला तुझ्यासमोरच बसले. टरफल असं निघालं, जसं अंगरखा उतरवावा. एक ओरखडा नाही. संगमरवरी गोटी. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की तळहातावर धरून दाखवलं तुला. “बघ, पहिल्यांदा सोललंय. आणि सांगू? आतल्या गॅसवर उकडलंय.”

तू अंडं बोटांत धरून हळूहळू फिरवलंस. मग माझ्याकडे बघितलंस, बराच वेळ. “फार सुरेख सोललंस, वहिनी,” म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी तू बोलत नव्हतीस.

तेरावं झालं. मी अंगण झाडत होते, पिसांचा ढीग बघून रडू आलं. मिहिका कॉलेजला निघाली होती, थांबली. “आजी, क्या हुआ?” मी म्हटलं, “यांनीसुद्धा दुःख केलं गं तिचं. अंडी बंद केली, पिसं टाकली.” आपली नात कशी आहे, तुला माहीतच आहे. मायेने बोलते, पण सत्य गाळून देत नाही. “अरे आजी, ये तो हर सर्दी में होता है। पुराने पंख झड़ते हैं, नए आते हैं, तब तक अंडे बंद। दिन भी छोटे होते हैं ना। कुंदा आजी ने ही बताया था मुझे। और बड़ी बी ने तो तीन साल से दिया ही नहीं।”

मी झाडू धरून उभी राहिले.

चाळीस हिवाळे तू या पिसांत झाडू मारलास, आणि मी आतून खिडकी लावून घेतली. एकदा विचारलं असतं तर! त्या दिवशी हॉस्पिटलात येऊन म्हटलं असतं, “कुंदा, अंडं एकही नाही आणि अंगणभर पिसं आहेत, मी घाबरलेय,” तर तू म्हणाली असतीस, “अगं वेडे, थंडी आहे.” एवढंच होतं ते. मी अपशकुन म्हणून जे उराशी दडवून धरलं, ते तुझ्या लेखी दर वर्षीचं होतं. आणि मी तुला काय सांगत होते? ऐन डिसेंबरात चार. वर बडी बीचंही. एकदा तर पाच.

तरी मी स्वतःची समजूत घातली. तू आजारी होतीस, औषधांची गुंगी होती, कोणता महिना चाललाय ते तुला उमजत नसेल. मी खोटं बोलले, पण तू ते खरं धरून सुखात गेलीस. या समजुतीवर मी दोन आठवडे काढले.

चार दिवसांपूर्वी तुझा महिना झाला. आणि त्याच सकाळी भुरीने अंडं दिलं. नवी पिसं आली होती तिला, दिवस जरा लांबलाय. मी ते फडक्याने पुसलं, धुतलं नाही. ठरवलं, तुझ्या पानावर हेच वाढायचं. पंडितजींना दिसू नये म्हणून भाताच्या मुदीखाली दडवायचं. शिरीषला कळलं असतं तर ओरडला असता, म्हणून त्याला फुलं आणायला पिटाळलं. आतल्या गॅसवर उकडलं आणि सोलायला घेतलं.

निघेना. टरफलाच्या प्रत्येक कपचीबरोबर पांढऱ्याचा लचका यायला लागला. गार पाण्यात घातलं, तरी तेच. शेवटी हातात उरलं ते उंदराने कुरतडल्यासारखं. तुझ्या पहिल्या पानावर असलं अंडं! ते वाटीत घेऊन मी तशीच कोपऱ्यावर गेले. तिथे उकडलेल्या अंड्यांचा ठेला लागतो, तू ओळखतेस त्या माणसाला.

“भैया, देखो तो, खराब है क्या?”

त्याने वाटीत बघितलं आणि हसला. “अरे अम्मा, ख़राब काहे का, एकदम ताज़ा है! ताज़ा अंडा ऐसे ही नुचता है। हम तो हफ़्ता-दस दिन रखते हैं, तब उबालते हैं। चिकना तो पुराना ही छिलता है। बुआ जी से पूछ लेतीं, वो तो रोज़ घर का खाती थीं, उनका कभी चिकना छिला है?”

तो पुढेही बोलत होता. मी वाटी पदराखाली घेऊन निघाले.

म्हणजे तुला आकड्यांवरून कळलं नसेल, महिन्याचा विसर पडला असेल, हे सगळं मी मानलं असतं. पण ते अंडं तुझ्या बोटांत होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी लचके तोडत अंडी सोललेली तुझी बोटं. तू ते फिरवून बघितलंस, एक ओरखडा नाही, आणि माझ्याकडे बघितलंस. आणि मी हसत होते, बक्षीस मागायला उभं राहिल्यासारखी.

आता मला आठवा दिवस कळतो. आठ दिवस तू माझा खेळ चालू दिलास. आणि मग म्हणालीस, एक उकडून आण, आपल्या कोंबडीचं. तुला अंडं नको होतं. दोन दिवस तुला घोटभर पाणी गिळवत नव्हतं, अंडं कशाला मागशील तू? तू मला दार उघडून देत होतीस. मी तुझ्याजवळ बसून म्हणायला हवं होतं, “कुंदा, अंडी नाहीत. एकही नाही. मी रोज थापा मारतेय.” आणि मग तू मला तुझं सांगितलं असतंस. डॉक्टर म्हणत होते, सुधारणा आहे. शिरीष म्हणत होता, अगले हफ़्ते घर. मी म्हणत होते, चार. त्या खोलीत तुझ्याशी खरं बोलणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तू त्यातल्या त्यात मला निवडलंस. चाळीस वर्षं जिला पडवीत उभं केलं, तिने शेवटी मला आत बोलावलं. आणि मी दुकानात गेले.

काय सांगायचं होतं तुला? भीती वाटतेय, हे? की अजिबात वाटत नाही, हे? माझ्याबद्दल काही होतं? त्या खिडकीबद्दल? मी रोज एक एक उत्तर बनवते आणि तुझ्या आवाजात म्हणून बघते. एकही तुझं वाटत नाही. मी आयुष्यभर प्रश्न विचारत आले आणि तू सांगत आलीस; ज्या दिवशी तुला आपणहून सांगायचं होतं, त्या दिवशी मी अंडं दाखवत बसले.

पान वाढलं मी. भाताखाली ते कुरतडलेलं ठेवलं. नमस्कार करताना तुझं नावसुद्धा घेववेना.

कळलं होतं का, हा माझा प्रश्न आता राहिलाच नाही. कळलं होतं. पण तरी तू ते सगळं खाल्लंस. एवढे एवढे तुकडे, प्रत्येक घासाला डोळे मिटून, मध्ये दोनदा ठसका लागला, सिस्टर म्हणाली, रहने दीजिए, तू हातानेच तिला थांबवलंस. पिवळ्याचा शेवटचा कण माझ्या तळहातावरून टिपून घेतलास. आणि मी, सत्तरी उलटलेली, नातवंडांची आजी, मी तुला विचारलं, “घरच्या अंड्याची चव वेगळीच, नाही?”

तू म्हणालीस, “घरचीच आहे, वहिनी. घरचीच.”